फेअरबँक्स ते ट्रोम्सो: विमानाने अंतर किती, वेळ किती? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलास्काच्या मध्यावरचं फेअरबँक्स आणि उत्तर नॉर्वेतलं ट्रोम्सो ही दोन्ही गावं नॉर्दर्न लाइट्स (ध्रुवाजवळच्या रात्रीच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश) बघायला जाणाऱ्यांच्या यादीत हटकून असतात. दोन्हीकडे विद्यापीठं आहेत आणि ध्रुवीय प्रदेशाचा अभ्यास चालतो, त्यामुळे कामानिमित्त इकडून तिकडे जाणारेही असतात. अशी माणसं सगळ्यात आधी इंटरनेटवर अंतर शोधतात. उत्तर मिळतं: सुमारे पाच हजार किलोमीटर, साडेसहा तास. हिशेब म्हणून ते बरोबर आहे. पण साडेसहा तासांत तिथे पोचवणारं विमान नाही, आणि सुट्ट्या किंवा हॉटेलं या आकड्यावर ठरवली तर प्रवास फसतो. म्हणून खालची उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

फेअरबँक्स ते ट्रोम्सो हवाई अंतर नक्की किती?

सुमारे 5,025 ते 5,045 किलोमीटर. मैलांत सांगायचं तर 3,120 ते 3,135, आणि वैमानिक वापरतात त्या समुद्री मैलांत 2,710 ते 2,725. एक समुद्री मैल म्हणजे 1,852 मीटर आणि साधा मैल म्हणजे सुमारे 1,609 मीटर. दोन ठिकाणी वेगळे आकडे दिसले तर आधी एकक कुठलं आहे ते बघा. निम्मे गोंधळ तिथेच मिटतात.

एक वेबसाइट 5,025 म्हणते, दुसरी 5,045. खरं कोणाचं?

दोन्ही बरोबर, फक्त पृथ्वीचा आकार दोघींनी वेगळा धरलेला आहे. बहुतेक साइट्स पृथ्वीला 6,371 किलोमीटर त्रिज्येचा अगदी गोल चेंडू मानतात. त्या सूत्राने 5,025 च्या आसपास आकडा येतो. प्रत्यक्षात पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे. विषुववृत्तावर तिची त्रिज्या 6,378 किलोमीटर, ध्रुवापाशी 6,357. चपटेपणामुळे ध्रुवाजवळ पृष्ठभागाची वक्रता कमी होते आणि अक्षांशाचा एक अंश लांबतो: विषुववृत्तापाशी तो सुमारे 110.6 किलोमीटरचा असतो, तर ध्रुवापाशी 111.7 किलोमीटरचा. आपला मार्ग जवळजवळ सगळाच ध्रुवाच्या परिसरातून जातो, म्हणून चपटी पृथ्वी धरून मोजलं की वीसेक किलोमीटर वाढतात. जीपीएस हाच दुसरा नमुना वापरतं. वेळेच्या हिशेबात हा फरक दीड मिनिटाचाही नाही, तेव्हा त्यात अडकू नका.

अंतर कुठून कुठपर्यंत मोजतात? गावापासून गावापर्यंत?

नाही. प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू असतो. त्याचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केलेले असतात आणि तिथून तिथपर्यंत मोजतात. फेअरबँक्सचा बिंदू साधारण 64.8 अंश उत्तर, 147.9 अंश पश्चिम, आणि ट्रोम्सोचा 69.7 अंश उत्तर, 18.9 अंश पूर्व. कॅल्क्युलेटरमध्ये गावाचं नाव टाकण्याऐवजी तीन अक्षरी कोड टाका: फेअरबँक्ससाठी एफएआय, ट्रोम्सोसाठी टीओएस. एकाच नावाची गावं जगात कितीतरी आहेत. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला निघालेले प्रवासी कॅनडातल्या सिडनीला जाऊन उतरल्याच्या घटना खरोखर घडल्या आहेत.

नकाशावर तर ही दोन ठिकाणं जगाच्या दोन टोकांना दिसतात. मग अंतर इतकं कमी कसं?

कारण आपण बघतो तो भिंतीवरचा नकाशा ध्रुवांचा प्रदेश ताणून दाखवतो. मर्केटर या नकाशाकाराने 1569 मध्ये आखलेल्या पद्धतीत दिशा बरोबर राहतात, पण जसजसं वर जावं तसतशी अंतरं फुगत जातात, आणि प्रत्यक्ष ध्रुव तर त्या नकाशावर काढताच येत नाही. फेअरबँक्स आणि ट्रोम्सो यांच्या रेखांशांत जवळजवळ 167 अंशांचा फरक आहे, म्हणजे दोन्ही गावं ध्रुवाच्या जवळपास समोरासमोरच्या बाजूंना आहेत. नकाशावर डावीकडून उजवीकडे, अक्षांशाला धरून गेलात तर सुमारे 7,200 किलोमीटर होतात. ध्रुवाकडून गेलात तर 5,025.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक अलास्काच्या मधोमध धरा, दुसरं नॉर्वेच्या वरच्या भागात, आणि दोरा ताणा. आधी तो कॅनडा आणि ग्रीनलंडवरून आडवा ठेवलेला असेल, पण ताण दिला की आपोआप वर सरकतो आणि ध्रुवाला जवळजवळ खेटून जातो. गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता हाच, याला बृहद्‌वृत्त मार्ग म्हणतात. हिशेब केला तर हा मार्ग उत्तर ध्रुवापासून फक्त 300 किलोमीटरवरून जातो. फेअरबँक्सहून निघताना विमानाचं तोंड जवळपास थेट उत्तरेला असेल आणि ट्रोम्सोला उतरताना दक्षिणेला, आणि मध्ये कुठेही मोठं वळण घ्यावं लागणार नाही. मला या मार्गातली ही गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते.

थेट विमान असतं तर किती वेळ लागला असता?

साडेसहा ते पावणेसात तास. मध्यम आकाराची जेट विमानं उंचीवर पोचल्यावर ताशी 830-850 किलोमीटरने जातात. पण सगळा वेळ तोच वेग नसतो. वर चढताना आणि खाली उतरताना तो कमी असतो, शिवाय धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि उतरल्यावर जागेवर येऊन थांबण्यात वेळ जातो. सोपा हिशेब असा: किलोमीटरला 800 ने भागा आणि अर्धा तास मिळवा. 5,025 भागिले 800 म्हणजे सव्वासहा तास, अधिक अर्धा तास, झाले पावणेसात. मोठं, लांब पल्ल्याचं विमान ताशी 900 च्या आसपास जातं, त्यात थोडा वेळ वाचतो.

हे सूत्र पंख्याच्या विमानांना मात्र लावू नका. एटीआर 72 सारखं विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपासच जातं. उत्तर नॉर्वेतल्या छोट्या गावांना जोडणारी बरीच विमानं अशीच पंख्याची आहेत, कारण तिथल्या कित्येक धावपट्ट्या जेमतेम 800 मीटरच्या आहेत. ट्रोम्सोहून पुढे असं एखादं गाव गाठायचं असेल तर किलोमीटर कमी दिसले तरी वेळ जास्त धरा. हे विमान वाटेत दोन-तीन ठिकाणी उतरतही असेल.

वेळापत्रकात दिलेला वेळ म्हणजे हवेतला वेळ का?

नाही. वेळापत्रकात विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा वेळ असतो. हिवाळ्यात फेअरबँक्सला तापमान उणे 40 अंशांपर्यंत उतरतं. पंखांवर बर्फ किंवा हिमतुषार असेल तर उड्डाणाआधी औषध फवारून तो काढावाच लागतो, त्याला पर्याय नाही. ट्रोम्सो इतक्या उत्तरेला असूनही अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे तिथे तितकी कडाक्याची थंडी नसते, पण हिमवर्षाव भरपूर होतो आणि धावपट्टी साफ होईपर्यंत विमानं घिरट्या घालतात. कंपन्या वेळापत्रकात थोडी उसंत आधीच ठेवतात. म्हणून विमान कधीकधी उशिरा सुटूनही वेळेत पोचलेलं दिसतं.

मग थेट विमान का नाही? इतकं लांब उडता येत नाही का?

उडता येतं. फेअरबँक्सची मुख्य धावपट्टी सुमारे 3,600 मीटर लांब आहे, ट्रोम्सोची सुमारे 2,400 मीटर. एअरबस ए321 च्या लांब पल्ल्याच्या आवृत्तीला 7,000 किलोमीटरहून जास्त पल्ला आहे. अडचण प्रवाशांची आहे. दोन्ही गावं लहान, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला रोज विमान भरेल इतकी माणसं जात नाहीत. विमान कंपन्या माणसं मोठ्या शहरात गोळा करतात आणि तिथून वाटतात. छोट्या विमानतळांच्या बाबतीत भूगोलापेक्षा या जाळ्याचं चालतं, आणि अंतराच्या कॅल्क्युलेटरला नेमकं हेच दिसत नाही.

ध्रुवावरून उडायचं तर तयारीही वेगळी लागते. अमेरिकी नियमांनुसार 78 अंश उत्तरेच्या पलीकडे जाणाऱ्या कंपनीला खास परवानगी घ्यावी लागते: वाटेतले पर्यायी विमानतळ ठरवावे लागतात, इंधन गोठणार नाही यावर लक्ष ठेवावं लागतं (जेट ए हे इंधन उणे 40 अंशांला गोठू शकतं, जेट ए-1 उणे 47 ला), सौर वादळाच्या वेळी संपर्क कसा ठेवायचा ते आखावं लागतं. विमान एखाद्या उजाड ठिकाणी उतरलंच तर बाहेर पडून काम करता यावं म्हणून कडक थंडीचे किमान दोन खास पोशाखही विमानात ठेवावे लागतात. मोठ्या कंपन्या हे सगळं नेहमी करतात. एका छोट्या मार्गासाठी एवढा खटाटोप परवडत नाही.

प्रत्यक्षात मग जायचं कसं, आणि किती वेळ लागतो?

बारमाही वाट साधारण अशी: फेअरबँक्स ते सिएटल, सिएटल ते फ्रँकफर्टसारखं युरोपातलं मोठं शहर, तिथून ऑस्लो, आणि ऑस्लोहून ट्रोम्सो. फ्रँकफर्टमार्गे टप्प्यांची बेरीज करा. फेअरबँक्स–सिएटल सुमारे 2,460 किलोमीटर, साडेतीन तास. सिएटल–फ्रँकफर्ट सुमारे 8,200 किलोमीटर, दहा तास. फ्रँकफर्ट–ऑस्लो सुमारे 1,140 किलोमीटर, दोन तास. ऑस्लो–ट्रोम्सो सुमारे 1,115 किलोमीटर, दोन तासांना थोडा कमी. एकूण जवळजवळ 12,900 किलोमीटर आणि विमानात बसलेले सतरा-साडेसतरा तास. सरळ अंतराच्या अडीचपट! विमान बदलण्याचा वेळ धरला की सगळं चांगलं जुळून आलं तरी एक अख्खा दिवस जातो. 26 ते 30 तास धरून चाला.

पहिल्याच टप्प्यात तुम्ही दक्षिणेला येता, म्हणजे जायचं त्याच्या जवळपास उलट दिशेला. नकाशा बघून जीव हळहळतो, पण वाट तीच आहे.

उन्हाळ्यात एक जवळची वाट उघडते. फ्रँकफर्ट आणि अँकरेज यांच्यात हंगामी थेट सेवा असते. फेअरबँक्स–अँकरेज सुमारे 420 किलोमीटर, अँकरेज–फ्रँकफर्ट 7,500, आणि पुढे ऑस्लोमार्गे ट्रोम्सो. बेरीज सुमारे 10,200, म्हणजे 2,700 किलोमीटरची बचत. पण ट्रोम्सोला साधारण 20 मे ते 22 जुलै सूर्य मावळतच नाही, त्यामुळे नॉर्दर्न लाइट्ससाठी जाणाऱ्यांना भर उन्हाळा निरुपयोगी. फेअरबँक्सचा प्रकाश बघण्याचा हंगाम ऑगस्टच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत धरतात. ही जवळची वाट आणि अंधाऱ्या रात्री दोन्ही साधायच्या असतील तर उन्हाळी वेळापत्रकाच्या शेवटच्या आठवड्यांवर नजर ठेवा. हंगामी सेवेच्या तारखा दर वर्षी बदलतात.

विमान बदलायला मध्ये किती वेळ ठेवावा?

एकाच तिकिटावर सगळे टप्पे असतील तर विमानतळाने ठरवलेला किमान वेळ पाळूनच तिकीट निघतं, आणि एक विमान चुकलं तर पुढची सोय करणं ही कंपनीची जबाबदारी असते. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर ती जबाबदारी तुमच्यावर येते. सामान घ्या, पुन्हा द्या, पुन्हा तपासणीला उभे राहा. इतक्या लांबच्या प्रवासात थोडे पैसे वाचवायला तिकिटं तोडू नयेत असं माझं ठाम मत आहे. सगळे टप्पे एका तिकिटावर बसतच नसतील तर निदान महासागर ओलांडणारा टप्पा आणि त्याला लागून येणारं विमान एकत्र ठेवा.

सगळ्यात नाजूक जागा फेअरबँक्सच्या बाजूला आहे. ऑस्लो–ट्रोम्सो मार्गावर दिवसाला बरीच विमानं असतात, एक चुकलं तर दुसरं मिळतं. फेअरबँक्सहून बाहेर पडायला बहुतेक वेळा अँकरेज किंवा सिएटल एवढेच पर्याय असतात, आणि युरोपला जाणारं विमान बऱ्याचदा दिवसातून एकदाच सुटतं. ते चुकलं की चोवीस तास गेले. त्यामुळे हिवाळ्यात सिएटलला किमान चार-पाच तास मोकळे ठेवा. जमलं तर एक रात्र तिथेच काढा.

सामान थेट ट्रोम्सोला मिळेल का?

मिळेलच असं गृहीत धरू नका. नॉर्वे शेंगेन क्षेत्रात (आपसात पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात) आहे, म्हणून पासपोर्ट तपासणी फ्रँकफर्टलाच होते. पण नॉर्वे युरोपीय संघाच्या सीमाशुल्क व्यवस्थेत नाही, त्यामुळे देशांतर्गत विमानात बसण्याआधी ऑस्लोला सामान ताब्यात घेऊन सीमाशुल्क ओलांडावं लागू शकतं. चेक-इन करतानाच स्पष्ट विचारा आणि सामानाच्या चिठ्ठीवर शेवटचा कोड कोणता छापला आहे ते स्वतः बघा. उलट्या दिशेने येताना तर अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर, म्हणजे आपल्या उदाहरणात सिएटलला, इमिग्रेशन आणि सामान दोन्ही उरकून मगच पुढचं विमान मिळतं. अमेरिकेत फक्त विमान बदलायचं असलं तरी व्हिसा किंवा पात्र देशांच्या नागरिकांना आगाऊ परवानगी लागते.

घड्याळाचा हिशेब कसा करायचा?

वर्षातला बहुतेक काळ ट्रोम्सो फेअरबँक्सच्या दहा तास पुढे असतं. समजा सोमवारी सकाळी सहाला फेअरबँक्सहून निघालात आणि प्रवास 26 तासांचा आहे. तुमच्या मूळ घड्याळात तेव्हा मंगळवारचे सकाळचे आठ वाजलेले असतील, आणि ट्रोम्सोला मंगळवारचे संध्याकाळचे सहा. म्हणजे तिकिटावर 36 तासांचा फरक दिसेल, पण त्यातले दहा तास केवळ घड्याळाचे.

वर्षातून दोनदा हा फरक नऊ तासांचा होतो. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात हेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. मधल्या दिवसांत फोन किंवा बैठक ठरवणाऱ्यांची हटकून चुकामूक होते.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का?

वाऱ्यामुळे. मध्य अक्षांशांवर 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्याचा आधार मिळून एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं. उलट दिशेला त्याच अंतराला सात-आठ तास लागतात. आपल्या वाटेवर सिएटल–फ्रँकफर्ट टप्प्यात जाण्या-येण्यात साधारण तासाभराचा फरक पडू शकतो.

जाताना वाचलेला वेळ येताना जातो, म्हणून शेवटी हिशेब बरोबर, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. 3,000 किलोमीटरचा मार्ग आणि ताशी 800 चा वेग धरा. वारा नसेल तर जाऊन-येऊन साडेसात तास. ताशी 100 चा वारा असेल तर एका बाजूला 900 च्या वेगाने तीन तास वीस मिनिटं, दुसऱ्या बाजूला 700 ने चार तास सतरा मिनिटं. बेरीज सात तास सदतीस मिनिटं. समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ घालवता, त्यामुळे एकूण तोटाच होतो.

पृथ्वी फिरते, त्याचा फायदा-तोटा होत नाही का?

नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं.

या ध्रुवावरच्या वाटेने कधी कोणी गेलं आहे का?

हो, याच भागातून. मे 1926 मध्ये रोआल्ड आमुंडसेन, लिंकन एल्सवर्थ आणि उंबेर्तो नोबिले या ध्रुवीय साहसवीरांनी 'नोर्गे' या हवाई जहाजातून नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरून ध्रुवावरून अलास्का गाठलं. दोन वर्षांनी, एप्रिल 1928 मध्ये, ह्यूबर्ट विल्किन्स आणि वैमानिक कार्ल बेन आयेल्सन यांनी अलास्काच्या उत्तर टोकावरून स्वालबार्डपर्यंत छोट्या लॉकहीड विमानातून उड्डाण केलं. त्यांना सुमारे वीस तास लागले. आयेल्सनच्या नावाचा हवाई तळ आज फेअरबँक्सच्या जवळच आहे. त्याच वर्षी जूनमध्ये आमुंडसेन ट्रोम्सोहून सागरी विमानाने, हवाई जहाज कोसळून बेपत्ता झालेल्या नोबिलेच्या शोधात निघाले आणि परत आलेच नाहीत. फेअरबँक्सला आयेल्सनचं आणि ट्रोम्सोला आमुंडसेनचं नाव जागोजागी दिसतं ते यामुळे.

विमानाला उशीर झाला तर भरपाईसाठी कुठलं अंतर धरतात, 5,025 की 12,900?

युरोपीय संघाच्या 261/2004 या नियमात, जो नॉर्वेतही लागू आहे, भरपाईचे टप्पे 1,500 आणि 3,500 किलोमीटरवर ठरतात आणि अंतर बृहद्‌वृत्ताने मोजतात. एकाच तिकिटावर विमान बदलून गेलात तरी पहिल्या आणि शेवटच्या विमानतळामधलं सरळ अंतरच धरायचं, असं युरोपीय न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे इथे 5,025 धरतील, आणि तेही 3,500 च्या वर असल्याने टप्पा सर्वांत वरचाच येतो. मात्र युरोपबाहेरून निघालात तर नियम लागू व्हायला विमान कंपनी युरोपीय असावी लागते. ट्रोम्सोहून फेअरबँक्सला निघालात तर ही अट नाही. अर्ज करताना बोर्डिंग पास आणि सगळे टप्पे असलेलं तिकीट जोडा. टप्प्याटप्प्याची वेगळी तिकिटं असतील तर प्रत्येक टप्पा स्वतंत्र मोजला जातो.